तिकिटावरची आडवी पट्टी

परवा लिलावासाठी टपाल तिकिटांच्या एका जुन्या संग्रहाची नोंद करायला बसलो. त्यात बुरुंडी या आफ्रिकी देशाची दोनच पानं होती, तरी दुपार तिथेच गेली.

पानाखाली पेन्सिलीने लिहिलेलं : ‘१९६६ – लष्कराने राजा म्वांबुत्साला हटवलं, प्रजासत्ताक.’ ही चूक नेहमी दिसते. त्या वर्षी गादी दोनदा हलली. १९६५च्या मे महिन्यातल्या निवडणुकीत बहुसंख्य हुतू समाजाच्या उमेदवारांनी ३३ पैकी २३ जागा जिंकल्या, तरी म्वांबुत्सा चौथे यांनी पंतप्रधान नेमला तो आपल्या मर्जीतला, लिओपोल्ड बिहा. ऑक्टोबरात उठाव झाला. तो फसला, पण राजा युरोपात निघून गेला आणि तिथूनच कारभार हाकू लागला. ८ जुलै १९६६ रोजी त्याला पदच्युत केलं ते त्याच्या मुलानेच. हा मुलगा न्तारे पाचवा, वय १८. पंतप्रधान झाला कॅप्टन मिशेल मिकोंबेरो. पुढे शेजारच्या काँगोचा लष्करशहा मोबुटू याच्या सत्तेच्या पहिल्या वाढदिवसासाठी न्तारे तिथल्या राजधानीत, किन्शासाला गेलेला असताना, २८ नोव्हेंबरला, मिकोंबेरोने प्रजासत्ताक जाहीर केलं. म्हणजे मुलाचं राज्य जेमतेम १४३ दिवसांचं.

तिकिटांवर हे सरळ वाचता येतं. १९६२मध्ये स्वातंत्र्य आलं तेव्हा बेल्जियमच्या काळातल्या ‘रुआंडा-उरुंडी’च्या तिकिटांवर ‘रोयोम द्यू बुरुंडी’, म्हणजे बुरुंडीचं राज्य, असा ओव्हरप्रिंट, म्हणजे छापील तिकिटावर वरून छापलेला मजकूर, मारून काम भागवलं. प्रजासत्ताकानंतर पुन्हा तेच : ‘रोयोम’वर आडवी पट्टी, शेजारी ‘रेपुब्लिक’. नोटांचीही हीच कथा. नवं छापायला वेळ लागतो, शिल्लक साठा तर पडलेलाच असतो.

आता तपासणी. ‘रेपुब्लिक’ ओव्हरप्रिंटवर २८ नोव्हेंबरच्या आधीची मोहोर असेल तर संशय घ्यायचाच. पण नुसत्या मोहोरेवर विसंबू नये. बुरुंडीची बरीच तिकिटं संग्राहकांसाठी कोरी असतानाच मोहोर मारून विकली गेली. ती चिमट्याने उलटी करायची. मागचा डिंक शाबूत असेल तर ते तिकीट पाकिटावर कधी चिकटलेलंच नाही.

या पानावर एक होतं तसं संशयास्पद. मोहोरेतलं वर्ष पुसट, वाचता येईना. दहापट भिंगाखाली, दिवा अगदी आडवा धरून पाहिलं : पट्टीची शाई मोहोरेच्या रेषेवरून सलग गेलेली. खऱ्यात उलटं दिसतं, कारण आधी ओव्हरप्रिंट, मग टपाल. दोन्ही शाया काळ्या असल्या की हा क्रम ओळखणं कठीण. चकाकीतल्या फरकावरून अंदाज बांधावा लागतो. मी तीन वेळा कोन बदलून पाहिलं, मग ते वेगळ्या पाकिटात काढलं.

पेन्सिलीची ओळ खोडून खाली दोन तारखा लिहिल्या. न्तारेच्या नावापुढे मृत्यूची नोंदही जोडली : परत आल्यावर २९ एप्रिल १९७२ रोजी गितेगात ठार. लॉटच्या वर्णनात ‘एक ओव्हरप्रिंट संशयास्पद, वगळला’ एवढंच गेलं.