तुम्ही विचारलंत म्हणून: यात फ्रेंच काय आलं?

तळघर बघून होतं, हातात ग्लास येतात, आणि पाहुण्यांपैकी कुणीतरी हमखास विचारतं, ‘लेबलवर फ्रेंच पद्धतीची वाइन असं लिहिलंय. द्राक्षं तुमच्या बागेतली, बनवणारे तुम्ही, मग यात फ्रेंच काय आलं?’ पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला: ‘घरची वायनरी आहे म्हणजे चांगलीच असणार ना?’

एका कुटुंबाच्या मालकीच्या वायनरीत मी आठ वर्षं तळघराचं काम करते. म्हणजे नळी, बादली, पिंपं आणि कायम ओले बूट. पाहुणे जायच्या घाईत असतात, म्हणून ‘ओक झाडाच्या लाकडाची पिंपं’ एवढं सांगून मी सुटका करून घेते. ते उत्तर अर्धवट आहे. तुम्ही विचारलंतच, तर आज नीट सांगते.

वायनरीच्या नावापुढे लावतात त्या ‘शातो’ (म्हणजे गढी) या शब्दावर फार जाऊ नका. फ्रान्समध्ये लेबलवर तो छापायचा तर द्राक्षं त्याच मालमत्तेतली असावी लागतात. बाहेरच्या जगात तो पुष्कळदा नुसता दागिना असतो. वेलींवरही जाऊ नका. आमच्याकडे कॅबर्ने सोव्हिन्यों, मर्लो, शार्दोने आहेत, सगळी नावं फ्रेंच. पण १८६० च्या दशकात उत्तर अमेरिकेतून आलेल्या फिलोक्सेरा नावाच्या बारीक किडीनं फ्रान्समधल्या बागांची मुळं खाऊन टाकली. अमेरिकन वेलींची मुळं ही कीड सोसतात. तेव्हा अमेरिकन खुंटावर फ्रेंच काडीचं कलम करायचं, हा उपाय निघाला आणि आजही जवळपास सगळीकडे तोच चालतो. खुद्द फ्रान्समधली बहुतेक वाइनही अमेरिकन पायांवरच उभी आहे.

मग उरलं काय? माझ्या मते, काही सवयी.

पहिली सवय मिसळण्याची. फ्रान्समधल्या बोर्दो या वाइनच्या भागात मर्लो लवकर पिकते, कॅबर्ने उशिरा. एका द्राक्षाला पावसानं किंवा थंडीनं गाठलं तर दुसरं हात देतं. मिश्रणाची परंपरा चवीसाठी म्हणून मिरवली जाते, पण तिच्या मुळाशी शेतकऱ्याची धास्ती आहे, असं मला वाटतं. आमच्याकडे मिश्रण ठरवायच्या दिवशी लांब टेबलावर पंचवीस-तीस नमुने मांडलेले असतात. थोरले मालक मोजपात्रात थोडी मर्लो ओततात, चाखतात, थुंकतात, काही बोलत नाहीत. मग त्यांची मुलगी तेच प्रमाण किंचित बदलून त्यांच्यापुढे सरकवते. कॅबर्ने फ्रांक ही तिसरी जात शंभरात पाच भाग वाढवली तर वाइनचा नाकाशी येणारा वासच बदलतो. मी शेजारी वहीत आकडे लिहीत बसते. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे दात जांभळे.

दुसरी सवय शार्दोने या पांढऱ्या द्राक्षाची, ती फ्रान्समधल्याच बरगंडी या भागातली. साखरेचा मद्यार्क होऊन गेल्यावर वाइनमध्ये आणखी एक आंबणं होतं. हिरव्या सफरचंदात असतं ते टोचरं मॅलिक आम्ल जिवाणू खातात आणि त्याचं मऊ लॅक्टिक आम्ल करतात, दह्यात असतं तेच. हे होऊ द्यायचं, किती होऊ द्यायचं की मध्येच थांबवायचं, हे तुम्ही ठरवता. त्या दिवसांत तळघर थोडं उबदार ठेवतो. पिंपाच्या तोंडाशी कान नेला की आत बारीक तडतड ऐकू येते. पाहुण्यांना दाखवावं असं तळघरात काही असेल तर ते हेच, पण नेमके त्या दिवसांत पाहुणे येत नाहीत.

आता पिंपं. बोर्दोचं पिंप २२५ लिटरचं, बरगंडीचं २२८. ट्राँसेसारखी ओकची जंगलं सतराव्या शतकात कोल्बेर या मंत्र्यानं आरमाराच्या लाकडासाठी राखली, वाढवली. जहाजं लोखंडाची झाली आणि लाकूड वाइनवाल्यांच्या वाट्याला आलं. फ्रेंच ओक करवतीनं आडवातिडवा कापून चालत नाही, पिंप झिरपायला लागतं. तो रेषेरेषेनं फाडावा लागतो, त्यामुळे ओंडक्याचा जेमतेम पाव भाग कामी येतो. वर फळ्या दोन-तीन वर्षं उघड्यावर ऊनपाऊस खात पडून राहतात. ही पिंपं महाग का, याचं उत्तर इथंच आहे.

पण पिंप विकत घेऊन कुणी फ्रेंच होत नाही, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. लाकडातून वाइन हळूहळू उडून जाते आणि वर हवेची पोकळी तयार होते. म्हणून दर सोमवारी प्रत्येक पिंपाचं बूच काढायचं, तीच वाइन वरून घालायची, काठोकाठ भरायचं, बूच ठोकायचं. इतकं साधं, कंटाळवाणं काम. दुसऱ्या वर्षी खालच्या रांगेत भिंतीकडचं सतरा नंबरचं पिंप माझ्याकडून राहून गेलं. एकदा नाही, सलग पाच सोमवार. तिथं हात पोचायला आडवं व्हावं लागतं आणि मी ‘पुढच्या वेळी’ म्हणत राहिले. सहाव्या सोमवारी बूच काढलं तर नेलपॉलिशचा वास. हवा मिळाली की व्हिनेगरचे जिवाणू जागे होतात, दुसरं काही लागत नाही. २२५ लिटर म्हणजे ३०० बाटल्या. थोरल्या मालकांनी वास घेतला आणि एवढंच विचारलं, ‘अठरा बघितलंस?’ मी बघितलं नव्हतं. अठरा मात्र बिघडलं नव्हतं. सतरा मागच्या शेडमध्ये हलवलं. त्याचं व्हिनेगर मात्र उत्तम झालं, अजून स्वयंपाकघरात तेच वापरतात.

‘म्हणजे शेवटी नक्कलच की’ असं कुणी म्हटलं, तर मी १९७६ सालची गोष्ट सांगते. २४ मे रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्पुरियर या ब्रिटिश वाइन व्यापाऱ्यानं फ्रेंच परीक्षकांना बाटल्या झाकून वाइन चाखायला दिल्या. पांढऱ्या वाइनमध्ये शातो मॉंटेलेना पहिली आली, तांबड्यामध्ये स्टॅग्ज लीप. दोन्ही कॅलिफोर्नियातल्या वायनरींच्या, दोन्ही १९७३ च्या द्राक्षांच्या, आणि घडण फ्रेंच वळणाची. परीक्षकांचे चेहरे बघायला मी तिथं हवी होते.

राहिला दुसरा प्रश्न. घरची वायनरी म्हणून वाइन चांगली असते का? नाही. घरची असून वाईट असलेली वाइन मी भरपूर प्यायले आहे. घर म्हटलं की वाटण्याही आल्या. नेपोलियनच्या १८०४ च्या कायद्यानं वारसांत समान वाटप आलं आणि बरगंडीत बागांचे तुकडे पडत गेले. क्लो द वूजो ही एकाच भिंतीतली ५० हेक्टरची बाग, आज तिचे ऐंशीच्या आसपास मालक आहेत. कुणाच्या वाट्याला वेलींच्या मोजक्याच ओळी.

पण घराला एक गोष्ट परवडते, थांबणं. लेबनॉनमधली शातो म्यूझार ही वायनरी १९३० मध्ये गास्तों होशार यांनी सुरू केली. त्यांचा मुलगा सर्ज बोर्दोला शिकून आला आणि त्यानं यादवी युद्धाच्या काळातही बेका खोऱ्यातली द्राक्षं तळघरापर्यंत आणली. १९७६ ची वाइन मात्र झालीच नाही. पगारी व्यवस्थापकानं हिशोब बघून कधीच कुलूप घातलं असतं, असं मला तरी वाटतं.

आमच्याकडे युद्ध नाही, वाद आहे. थोरल्यांना नवीन ओक हवा, मुलीला जुनीच पिंपं पुरेत. तिच्या मते नव्या लाकडाखाली द्राक्ष गुदमरतं. मी मनातून तिच्या बाजूची, पण बोलत नाही. यंदा एकाच वाफ्यातली कॅबर्ने निम्मी-निम्मी केली आहे, अर्धी नव्या पिंपात, अर्धी जुन्या. बाटलीत भरायला अजून वर्ष आहे. आलात तर दोन्हीतलं थोडं थोडं चाखवीन, फक्त कुठलं कुणाचं ते आधी विचारू नका. आणि सोमवारी येऊ नका, त्या दिवशी मी भिंतीकडच्या पिंपांपाशी आडवी असते.