एक लॅपटॉप, चार ठिकाणी आवाज : आमची वाटचाल

साउंड भाड्याने घ्यायला येणारा माणूस पहिलं विचारतो, किती वॅटचा लावणार? आवाज किती ठिकाणी जाणार आणि सगळीकडे एकाच वेळी पोचणार का, हे कोणी विचारत नाही. आमचा धंदा त्याच प्रश्नावर उभा आहे आणि त्याच प्रश्नापायी एकदा बुडता बुडता राहिलाय.

१९९४ साली परळला दोन भोंगे, एक अँप्लिफायर आणि एक कॅसेट डेक एवढ्यावर सुरुवात केली. भागीदार होते आमचे मास्तर. गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात मोटारी वाइंड करून त्यांचा हात तयार झालेला. १९८२ च्या संपात गिरणी सुटली, हातातलं काम सुटलं नाही. लॅमिंग्टन रोडवरून तांब्याची बारीक तार आणि स्टॅम्पिंग, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी पट्ट्या, आणून ते आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन यंत्रांमध्ये थेट तारेची जोडणी न ठेवता आवाज पुढे देणारे) घरीच गुंडाळायचे, पत्र्याच्या डबीत बसवायचे आणि डबीवर खिळ्याने ‘आत’ आणि ‘बाहेर’ असं कोरायचे. त्या डब्या आजही आमच्या पेटीत आहेत. लॅपटॉपला चार्जर लावला की स्पीकरमधून जी घरघर सुरू होते, ती मध्ये डबी घातली की जागच्या जागी बंद. काही ऑपरेटर त्यासाठी चार्जरची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. ऐन भाद्रपदात ओल्या मंडपात असलं काही करू नका. घरघर परवडली, शॉक परवडत नाही.

कॅसेट गेली, सीडी आली, मग लॅपटॉप आला. ती सगळी वर्षं बरी गेली.

२०१५ च्या गणपतीत आमच्याच भागातल्या एका मंडळाने चलचित्र देखावा केला. निवेदन रेकॉर्ड केलेलं, संध्याकाळपासून रात्री दहापर्यंत पुन्हा पुन्हा वाजायचं. आवाज तीन ठिकाणी हवा : मंडपात, गल्लीत आणि रांगेवर. आम्ही कोटेशन दिलं. दुसऱ्या एका साउंडवाल्याने निम्म्या पैशांत काम घेतलं आणि गल्लीतले भोंगे व वायर मात्र आमच्याकडून भाड्याने उचलली. त्याने एका लॅपटॉपला तीन स्वस्त यूएसबी साउंड कार्डं, म्हणजे लॅपटॉपमधला आवाज बाहेर काढणाऱ्या डब्या, लावली, तीन प्लेअर उघडले, प्रत्येकाला एकेक कार्ड दिलं, एकदम चालू केले आणि रिपीटवर टाकले. साउंड चेकला दहा मिनिटं सगळं चोख. नऊ वाजता मंडपात निवेदक ‘महाराज’ म्हणतोय आणि गल्लीत मागून दुसरा ‘महाराज’ येतोय! लोक हसायला लागले. अध्यक्षांनी विचारलं तर त्या गृहस्थाने सरळ आमच्याकडे बोट दाखवलं : भोंगे यांचे आहेत, वायर यांची आहे.

वायरीने आवाज मागे पडत नाही हो! प्रत्येक साउंड कार्डात स्वतःचा क्रिस्टल असतो, म्हणजे स्वतःचं घड्याळ. सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने (सॅम्पल) वाजवायचे म्हटलं तरी दोन कार्डांत दहा लाखांमागे पन्नासाचा फरक सहज असतो. म्हणजे सेकंदाला जेमतेम अडीच नमुने. पण तासाभरात त्याचे १८० मिलिसेकंद होतात, दोन तासांत ३६०. पन्नास मिलिसेकंदांच्या पुढे गेलं की कान बोलण्यातला प्रतिध्वनी वेगळा काढतो. हे मी अध्यक्षांना मंडपामागे उभं राहून कागदावर मांडून दाखवलं. ते म्हणाले, “दादा, विसर्जनानंतर बघू.” विसर्जनानंतर त्यांनी आमचं भाडंही दिलं नाही. नवरात्रात आसपासच्या मंडळांनी फोन उचलणं बंद केलं. दिवाळीपर्यंत दोन अँप्लिफायर विकावे लागले, पोरांचे पगार थकले. मास्तरांनी त्यांचा वाटा घेतला नाही आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

त्या काळात दादरच्या कथ्थक क्लासच्या बाई आमच्या मागे उभ्या राहिल्या. त्यांचं म्हणणं एकच, “हॉल दणाणला नाही तरी चालेल, माझ्या मुलींना स्टेजवर सम ऐकू आली पाहिजे.” त्यांना एकाच लॅपटॉपमधून चार वेगळे आवाज लागायचे : हॉलला ट्रॅक, स्टेज मॉनिटरला तोच ट्रॅक जरा चढा, तबलजींच्या हेडफोनला मात्रा मोजणारा क्लिक आणि चौथा रेकॉर्डिंगला. वार्षिक कार्यक्रमाचे पूर्ण पैसे त्यांनी आगाऊ दिले. त्या पैशांत आम्ही आठ आउटपुटचं एकच कार्ड घेतलं. आठही वाटांना एकच घड्याळ, मग मागेपुढे होणार कोण? गल्लीत लांबवर कॉलम, म्हणजे उभा स्पीकर, असेल तर उलट त्याचा आवाज मुद्दाम थोडा उशिरा सोडावा लागतो, म्हणजे डिले द्यावा लागतो. मंडपातला आवाज हवेतून तिथे पोचायला ३४ मीटरला साधारण १०० मिलिसेकंद धरा. तो आपण मोजून दिलेला असतो, रात्रभर तेवढाच राहतो.

नव्या पोरांना सांगतो, विंडोज स्वतःहून एका प्लेअरचा आवाज एकाच डिव्हाइसला देते. एका डिव्हाइसचा आवाज दुसऱ्यावरही ऐकवणारी ‘लिसन टू धिस डिव्हाइस’ची युक्ती घरी चालते, कार्यक्रमात तिचा लॅग ऐकू येतो. मॅकवर ऑडिओ मिडी सेटअपमध्ये मल्टी-आउटपुट डिव्हाइस बनवता येतं, पण मुख्य घड्याळाचं कार्ड सोडून बाकीच्यांना ड्रिफ्ट करेक्शनची, म्हणजे घड्याळांतला फरक भरून काढणारी, टिक केल्याशिवाय उठू नका. लिनक्सवर पल्सऑडिओचं कम्बाइन मॉड्यूल ही दुरुस्ती स्वतः करत राहतं. वायरच्या स्पीकरबरोबर ब्लूटूथचा जोडू नका, तो दीडदोनशे मिलिसेकंद सहज मागे असतो. आणि साउंड चेक दहा मिनिटांचा करून चहाला जाऊ नका.

२०२० च्या मार्चमध्ये नाट्यगृहं बंद झाली तेव्हा हेच कार्ड कामी आलं. रिकाम्या हॉलमधून ऑनलाइन कार्यक्रम व्हायचे, प्रक्षेपणाला एक मिक्स आणि कलाकारांना दुसरा लागायचा.

त्या मंडळाने पुढे आम्हाला परत बोलावलं. आम्ही गेलो, थकलेलं भाडं आधी घेऊन. पण वायर आमची खराब नव्हती, हे कोणी चारचौघांत म्हटलं नाही. ज्यांना अजून शंका असेल त्यांनी परळच्या गोदामात यावं. तीच वायर, तेच भोंगे आणि तीन स्वस्त कार्डं टेबलावर मांडून ठेवली आहेत. दोन तास काढून या, फरक कुठून येतो ते ऐकवतो.