ओलं वजन, सुकं वजन : आमची वाटचाल

आटपाडी-खानापूरकडच्या पुष्कळ घरांतला एक तरी माणूस गलाईला बाहेर असतो. मीही अकरा वर्षं कोइमतूरला सोनं-चांदी गाळायच्या दुकानात होतो. मूस भट्टीत ठेवायची, आटलेला तुकडा काट्यावर घ्यायचा आणि तूट किती आली ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत वहीत मांडायचं. त्या कामानं एक खोड लागली. कुठलीही वस्तू हातात आली की यातला खरा माल किती, हे आधी मनात यायचं. गवताच्या धंद्यात आल्यावर ही खोड मी ज्या ज्या वेळी विसरलो, त्या त्या वेळी मार खाल्ला.

२०१२-१३ च्या दुष्काळात वडील तीन गाई आणि खिलारांची जोडी घेऊन चारा छावणीत राहायला गेले. फोनवर नुसतं "चाललंय" म्हणायचे. रजा काढून आलो तर दावणीत उसाचं वाढं, वर तेच आणि खाली तेच. वडील त्याची कुट्टी करून चुन्याची निवळी शिंपडत होते. वाढ्यात ऑक्झॅलेट असतं, ते जनावराच्या अंगातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून चुना द्यायचा, हे मला पुढं कळलं. वडिलांना कारण ठाऊक नव्हतं, इलाज ठाऊक होता. तरी धाकटी गाय दुधाची आटलीच.

कोइमतूरला परत गेलो आणि घरमालकाच्या गोठ्यामागं जे गवत मी रोज बघून न बघितल्यासारखं करत होतो, ते पहिल्यांदा नीट बघितलं. बाजरी आणि नेपिअरचा संकर. तिथल्याच कृषी विद्यापीठानं २००८ साली काढलेला को-४ वाण. पुरुषभर उंचीचं, पानाला कूस कमी, आणि कापलं की दीड महिन्यात पुन्हा उभं. त्याच्या दोन डोळ्यांच्या तीनशे कांड्या मी पोत्यात भरल्या आणि कुर्ला एक्स्प्रेसनं सोलापूरला उतरलो. तिथून एसटी. पोतं कोरडं होतं आणि दिवस उन्हाळ्याचे, त्यामुळं घरी येईपर्यंत निम्म्या कांड्या वाळून काडी झाल्या होत्या. विहिरीकडंला दोन गुंठ्यांत लावल्या त्यातल्या १३१ फुटल्या. आमच्या फर्मचं भांडवल म्हणाल तर ते एवढंच.

पुढच्या वर्षी खरसुंडीच्या जत्रेत टेम्पोच्या हौद्याला एक आख्खं ठोंब बांधून उभा राहिलो. खिलारं घेऊन आलेली माणसं थांबायची, पातं मोडून बघायची, "ऊसच की हा" म्हणून पुढं जायची. काहींनी कांड्या नेल्या. टेंभू उपसा योजनेचं पाणी जसजसं शिवारात फिरायला लागलं तशी मागणी वाढली. तीन बाय दोन फुटांवर एकराला साधारण सव्वासात हजार कांड्या लागतात, हे गणित मी तेव्हा झोपेतही सांगायचो.

जाहिरातीत लोक एकरी दीडशे टन लिहितात. भारी रान, भरपूर पाणी आणि खत असेल तर तेवढं निघत असेलही. आमच्या मुरमाड रानात ठिबकवर साठ-सत्तर टन निघालं की आम्ही खूश असतो, आणि गिऱ्हाइकालाही तेच सांगतो.

पहिला फटका भुईकाट्यावर बसला. सांगोल्याच्या बाजूच्या एका गोठेवाल्याला हिरवा चारा पोहोचवायचा होता. सकाळी कापला, वजन केलं, तीन टन भरला. वाटेत टायर बसला. संध्याकाळी त्यांच्या काट्यावर सव्वादोनशे किलो कमी. शिवाय ढिगाच्या पोटात हात घातला तर आत वाफ निघत होती. गोठेवाला काही बोलला नाही, नुसतं माझ्याकडं बघितलं. गलाईत मिलिग्रॅमची तूट दाखवणारा मी, इथं पाव टनाचा हिशेब देऊ शकलो नाही. हिरव्या गवतात शंभरातले ऐंशी भाग पाणी. म्हणजे डिझेल जाळून मी पाण्याचीच वाहतूक करत होतो. त्या दिवसापासून पंधरा किलोमीटरच्या पलीकडं हिरवा चारा आम्ही पाठवत नाही.

लांब पाठवायचं तर मुरघास, म्हणजे हवाबंद पिशवीत आंबवलेला चारा, हे उघड होतं. पण पहिल्याच खेपेला चाळीस पिशव्या गेल्या. पावसाची भुरभुर होती, मजूर आलेले होते, म्हणून ओलं गवत तसंच कुट्टी करून दाबून भरलं. मक्यात साखर असते, तो आपला आपण आंबतो. नेपिअरमध्ये ती कमी आणि पाणी जास्त. पंचेचाळीस दिवसांनी पिशवी सोडली तर काळा लगदा आणि असा वास की कुत्रंही लांब गेलं. आगाऊ घेतलेले पैसे परत करायला बायकोनं दोन तोळे मोडले. सोनं मोडायला आलेली माणसं मी अकरा वर्षं बघितली होती. काट्याच्या या बाजूला पहिल्यांदाच उभा होतो.

तेव्हापासून पिशव्या भरायचा हुकूम बायकोचाच. कापलेलं गवत उन्हात सुकवायचं, मऊ पडलं की कुट्टी. मग ती मूठभर कुट्टी घट्ट आवळते आणि सोडते. बोटांतून पाणी गळलं तर अजून सुकू द्या. गोळा तसाच घट्ट राहिला तरी थांबा. सावकाश उलगडला तर भरा, सोबत टनाला पंधरा-वीस किलो गूळ पाण्यात कालवून. अर्धा मका मिसळला तर आणखी चांगलं. ओलावा मोजायचं यंत्र मी आणलंय, ते फळीवर आहे. आमचा खरा शत्रू आता उंदीर. पिशवीला करंगळीएवढं भोक पडलं तरी हवा शिरते आणि हातभर माल बुरशीनं जातो, म्हणून पिशव्यांच्या शेडमध्ये दोन मांजरं पगारी आहेत.

आता ज्याबद्दल बोलायला लाज वाटते ते. केंद्राची 'सतत' ही जैविक कचऱ्यापासून गॅस काढायची योजना २०१८ ला आली आणि नंतरच्या दोन-तीन वर्षांत आमच्या भागात गवतापासून गॅसची हवा सुटली. मंगल कार्यालयात बैठका, सभासद फी, टनाला हजार रुपये हमीभाव. एका प्रकल्पवाल्यानं माझ्याकडं चार लाख कांड्यांची ऑर्डर दिली आणि एका बैठकीत मला स्टेजवर बसवलं. मी लागवड कशी करायची तेवढंच बोललो, पण मी तिथं बसलोय हे बघून काही शेतकऱ्यांनी सह्या केल्या. कारखाना उभा राहिला नाही. माझे निम्मे पैसे बुडाले, ते सोडा. लोकांच्या रानात बारा-बारा फूट गवत उभं राहिलं. तेवढं वाढू दिलं की दांडा लाकूड होतो, जनावर फक्त शेंडा ओरबाडतं.

एका संध्याकाळी स्लॅबवर एक किलो गवत पसरलं आणि चार दिवसांनी गलाईच्या जुन्या काट्यावर ठेवलं. १९० ग्रॅम. हे मी स्टेजवर चढायच्या आधी करायला हवं होतं. ओल्याला टनाला हजार म्हणजे सुक्याला सव्वापाच हजार, आणि यात कापणी, कुट्टी, वाळवण, भाडं काहीच धरलेलं नाही. जळणासाठी त्या भावात कोण घेईल? गॅसच्या टाकीला ओलं चालतं, ते खरं. पण मग टाकी शेताजवळ हवी आणि गॅस काढून उरणारी मळी त्याच शेतात परत जायला हवी, नाहीतर चार वर्षांत रान उपाशी. माझं मत विचाराल तर गवताचा गॅस खोटा नाही, पन्नास किलोमीटरवरून गवत आणून काढायचा गॅस खोटा आहे.

स्टेजवर बसल्याची भरपाई म्हणून त्यातल्या काहींचं उभं गवत मी विकत घेतलं. मे महिन्यात ते कडक वाळवून कुट्टी केली आणि एका बॉयलरवाल्याला चाचणीला दिली. जळालं छान. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन, "जाळीवर खंगर बसलंय, येऊन बघा." गवताच्या राखेत पालाश आणि सिलिका भरपूर, ती तापून वितळते आणि चिकटते. मुशीच्या तळाला बसणारा मळ खरवडण्यात माझी उमेदीची वर्षं गेलेली, त्यामुळं ते खरवडून द्यायला मला काही जड गेलं नाही. पण ऑर्डर गेली. उरलेला माल वीटभट्टीवाल्यानं नेला. आता कांड्यांच्या प्लॉटमधलं जून झालेलं, विकायला न उरलेलं गवतच जळणाला जातं. त्यासाठी मुद्दाम लागवड करा असं आम्ही कुणाला सांगत नाही.

ज्या गवतावर सगळ्यात कमी कमाई होते ते मला सगळ्यात आवडतं, ते म्हणजे वाळा. त्याचे फुटवे समपातळीत बांधावर वीतभर अंतरानं लावले की दोन-तीन पावसाळ्यांत भिंत होते. मुळं सरळ खाली पुरुषभर आणि जास्त जातात, बाजूच्या पिकाचं खात नाहीत, आणि बियांनी रानभर पसरत नाही. २०२० च्या ऑक्टोबरात अतिवृष्टी झाली तेव्हा एका डाळिंबवाल्याचा उताराचा बांध तीन ठिकाणी फुटला. त्यानं पैसे वाचवायला अर्ध्याच बांधावर वाळा लावला होता. दुसऱ्या दिवशी गेलो तर वाळ्याच्या वरच्या अंगाला गुडघाभर गाळ साचलेला, आणि पुढच्या अर्ध्यात नुसता मुरूम, डाळिंबाची मुळं उघडी. तो म्हणाला, "बाकीचे फुटवे कधी देताय?" चुकलं कुणाचं यावर दोघंही बोललो नाही.

माळाचं काम त्याहून अवघड. आमच्या माळावर मारवेल, पवन्या ही चाऱ्याची गवतं होती, ती चराईनं गेली आणि कुसळी राहिली. तिथं नेपिअर लावायचा विचार मी एकदा एका मेंढपाळ तात्यांपुढं काढला. ते घोंगडीवर बसून तंबाखू मळत होते. म्हणाले, "बापू, मेंढरू काय ऊस खातंय व्हय? मारवेल आण. आन् आणलंस तर दोन वर्सं माझी मेंढरं तू अडव, मी नाय अडवायचा." बरोबरच होतं. चराईबंदी बोलायला सोपी, पण ती दोन वर्षं त्यांनी मेंढरं न्यायची कुठं? तोडगा असा निघाला की माळाचे तीन तुकडे केले, दरवर्षी एक बंद. बंद तुकड्यात राहुरीच्या विद्यापीठाच्या फुले मारवेलचे ठोंब आणि अंजन गवताचं बी टाकायचं. अंजनाचं बी भुसभुशीत, वाऱ्यावर उडतं, म्हणून माती-शेणाच्या गोळ्यांत वळून मृगाच्या आधी फेकतो. पहिला तुकडा उघडला तेव्हा तात्या मेंढरांच्या पुढं चालत होते, मागं नाही. आडवी काठी धरून, एकदम शिरू नयेत म्हणून.

आज आम्ही घरची तिघं आणि पाच माणसं. कांड्या, वाळ्याचे फुटवे, मारवेलचे ठोंब आणि मुरघास. मुरघासाला बिल सुकवलेल्या मालाच्या वजनावर होतं आणि भुईकाट्याची पावती सोबत असते.

कांड्या न्यायला येणार असाल तर सकाळी दहाच्या आत या, आणि येताना पोतं भिजवून आणा.