तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्लंडमध्ये ट्यूडर राजांच्या काळात, म्हणजे साधारण सोळाव्या शतकात, हेरल्डांनी (कुलचिन्हं आणि वंशावळी नोंदवणाऱ्या राजाच्या अधिकाऱ्यांनी) लिहिलेल्या घराण्यांच्या वंशावळी खऱ्या की खोट्या?

हा प्रश्न विचारणाऱ्याला एका शब्दात उत्तर हवं असतं. ते देता येत नाही, कारण एकाच कागदावर बहुधा दोन वंशावळी एकीखाली एक शिवलेल्या असतात. खालच्या तीन-चार पिढ्या आठवणीतल्या, वरच्या हौसेच्या. शोधायचा तो मधला टाका.

स्पेन्सर घराणं घ्या, डायानाचं माहेर. मूळचे वॉरिकशायरातले मेंढ्यांचे मोठे कळप राखणारे. त्या पैशातून जॉन स्पेन्सरने १५०६ मध्ये वर्मलेटन आणि १५०८ मध्ये ऑल्थॉर्प घेतलं. १५०४च्या सुमारास त्याला कुलचिन्ह मिळालं होतं: निळी ढाल, अर्मिनचा (काळे ठिपके असलेल्या पांढऱ्या फरचा) आडवा पट्टा, समुद्रपक्ष्यांची सहा मुंडकी. एलिझाबेथच्या काळात पक्षी उडाले. १५९५ मध्ये क्लॅरेन्स्यू पदावरच्या रिचर्ड ली या हेरल्डने त्यांना मध्ययुगीन देस्पेन्सर सरदारांचे वंशज ठरवलं. ढालीवर त्या सरदारांचे पांढरे-लाल चौकोन, सोनेरी जाळी, तिरका काळा पट्टा आणि वेगळेपणापुरते तीन पांढरे शिंपले. मग मला सांगा, खरा वारस १५०४ मध्ये नवं चिन्ह मागायला कशाला गेला असता? वंशावळींचे अभ्यासक होरेस राउंड यांनी १९०१ मध्ये ही जोडणी उसवून दाखवली, तरी ती अजून उतरवून घेतली जाते!

गंमत म्हणजे, १६२१ मध्ये लॉर्ड्स सभागृहात अरंडेलच्या अर्लने स्पेन्सरांच्या मेंढ्यांचा विषय काढला, तेव्हा रॉबर्ट स्पेन्सरने त्या नाकारल्या नाहीत. आमचे पूर्वज मेंढ्या राखत होते तेव्हा तुमचे राजद्रोह शिजवत होते, अशा अर्थाचं उत्तर दिलं म्हणतात. अरंडेलचा पणजोबा अर्ल ऑफ सरे. एडवर्ड द कन्फेसर या जुन्या राजाचं चिन्ह आपल्या ढालीत घेतल्याच्या आरोपावरून १५४७ मध्ये त्याचं डोकं उडवलं होतं.

पण म्हणून सगळे हेरल्ड लबाड, हेही मला मान्य नाही. १५३० पासून ते राजाज्ञेने काउंटीकाउंटीत फिरत. बेलिफ, म्हणजे तिथला स्थानिक अधिकारी, जमीनदारांना बोलावी, घरचा कर्ता वंशावळ सांगे, पुढेपुढे खाली सहीही करी. आजोबांपर्यंतचं तो छातीठोक सांगणार, त्यावरचं ऐकीव. छापील प्रतींत आणखी एक घोळ आहे: या नोंदी छापणाऱ्या हार्लियन सोसायटीने पुष्कळदा मूळ नोंदी न छापता नंतरच्या हातांनी भर घातलेल्या नकला छापल्या. त्यामुळे छापलंय म्हणजे हेरल्डने लिहिलंय, असं धरू नका.

पडताळायला पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या नोंदी १५३८ पासून मिळतात. त्याआधी मृत्युपत्रं, आणि जमीन थेट राजाकडून असेल तर मृत्यूनंतरची ज्यूरी-चौकशी: मृत्यूची तारीख, वारस, त्याचं वय. 'एकवीस वर्षे व अधिक' म्हणजे फक्त सज्ञान. तो पन्नाशीचाही असेल. वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणून फेब्रुवारी १५५८ हा आपला १५५९. बाप-लेक एकाच नावाचे असले की एक पिढी गळते. दुसरी बायको पहिलीच्या मुलांची आई होऊन बसते.

रॉबर्ट ग्लोव्हर (मृत्यू १५८८) हा हेरल्ड मूळ सनदा आणि त्यांवरचे शिक्के बघून उतरवायचा. मग त्याचं तरी मानावं का? बहुतेक वेळा, हो. पण ह्यूएन्डनच्या वेल्सबोर्न घराण्याने तेराव्या शतकातला बडा सरदार सायमन द माँफर्ट याच्याशी नातं जोडायला खोटे शिक्के बनवले, चर्चमध्ये जुन्या दिसणाऱ्या समाधिमूर्तीही घडवून ठेवल्या. कागदच बनावट असेल तर प्रामाणिक हेरल्ड काय करणार?