शेनयांग: एक वाडा आणि दोन स्फोट

शेनयांगला गेले ती एका वाड्यासाठी. मंचुरियाचा, म्हणजे चीनच्या ईशान्य भागाचा, लष्करी सत्ताधीश चांग त्सोलिन याचा हा वाडा आता संग्रहालय आहे. गर्दी होती मोठ्या इमारतीकडे. मी मात्र बागेतल्या छोट्या दुमजली घरापाशीच खिळून राहिले. ४ जून १९२८ रोजी त्याला रक्तबंबाळ अवस्थेत इथे आणलं आणि काही तासांत तो गेला.

बीजिंगहून परतताना शहराजवळच्या ह्वांगगूथुनपाशी त्याची आगगाडी उडवली होती. खालून चिनी रेल्वे, वरच्या पुलावरून जपान्यांची दक्षिण मंचुरिया रेल्वे. सुरुंग वरच्या पुलावर. कट कर्नल कोमोतो दाइसाकूचा, म्हणजे जपानच्याच क्वांतुंग सेनेतल्या अधिकाऱ्याचा. ती सेना तिथे ठेवली होती रेल्वेच्या राखणीसाठी! चांग मेला की अंदाधुंदी माजेल, मग 'बंदोबस्ता'च्या नावाखाली मुलूख बळकावता येईल, असा हिशेब.

वाड्याने तो हिशेब चुकवला. साहेब जखमी आहेत, एवढीच बातमी बाहेर. घरातल्या बायकांनी रडू गिळलं आणि चौकशीला आलेल्या जपान्यांशी हसून बोलल्या, असं सांगतात. दोन आठवड्यांहून जास्त दिवस हे चाललं. तेवढ्यात मुलगा चांग श्युएल्यांग परतला आणि कारभार त्याने हाती घेतला. चिनी पंचांगाप्रमाणे वडील गेले तो त्याचा वाढदिवस होता. त्या घराच्या खिडक्यांकडे बघताना मला सारखं त्या बायकांचंच मन दिसत होतं.

कोमोतोवर खटला चालला नाही, फक्त पद गेलं. हे मला फार टोचलं. तीनच वर्षांनी तोच खेळ पुन्हा झाला.

दुसऱ्या दिवशी '१८ सप्टेंबर' संग्रहालयात गेले. १९३१ च्या त्या रात्री इशिवारा कान्जी आणि इतागाकी सेइशिरो यांच्या योजनेप्रमाणे ल्यूत्याओहूजवळ जपानी रुळावर जपान्यांनीच स्फोट घडवला आणि आळ चिनी सैनिकांवर घातला. स्फोट इतका किरकोळ की थोड्याच वेळात त्याच रुळावरून गाडी सुखरूप गेली. या वेळी मात्र निमित्त पुरलं. सकाळपर्यंत शहर पडलं, मार्च १९३२ मध्ये 'मांचुकुओ' हे जपानच्या हातातलं बाहुलं राज्य उभं राहिलं.

आवारात उघड्या कॅलेंडरच्या आकाराचं प्रचंड दगडी स्मारक आहे, पानांवर गोळ्यांच्या खुणा कोरलेल्या. एक आजी नातवाकडून त्यावरची तारीख मोठ्याने वाचून घेत होत्या. तो चुकला, तसं त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.