स्क्रॅबलची वही: चार अक्षरी सुरू, आणि टी-यू-पी म्हणजे तूप नव्हे

तर मंडळी, स्क्रॅबलच्या (अक्षरांच्या टाइल बोर्डावर लावून इंग्रजी शब्द करायचा खेळ) माझ्या वहीचा पुढचा हप्ता. दोन अक्षरी शब्द पाठ झालेत, कॉलिन्सच्या यादीत (स्क्रॅबलमध्ये चालणाऱ्या शब्दांचा कोश) ते १२७ च आहेत त्यामुळे त्याचं फार कौतुक नको. तीन अक्षरी तेराशेच्या वर आहेत, तेही बऱ्यापैकी हातात आलेत, म्हणजे रॅकवर (आपल्या टाइल ठेवायच्या पट्टीवर) अक्षरं आली की ओळखतो, झोपेतून उठवून विचारलंत तर नाही सांगता येणार. आता चार अक्षरी सुरू केलेत आणि मजा खरी इथे आहे.

पद्धत तीच जुनी. डाव्या पानावर अक्षरं नुसती एबीसीडीच्या क्रमाने, उजव्या पानावर त्यातून होणारे शब्द आणि प्रत्येकापुढे मराठीत अर्थ. हा अर्थाचा रकाना बघून ग्रुपमधले जुने खेळाडू हसतात, की अरे बोर्डावर अर्थाचे पॉइंट मिळतात का. मिळत नाहीत, मान्य. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सने २०१५ मध्ये फ्रेंच येत नसताना फ्रेंच स्क्रॅबलचं वर्ल्ड टायटल मारलं आणि २०२४ मध्ये स्पॅनिशचं पण मारलं, त्याला अर्थाशी काही घेणंदेणं नाही. पण त्याचं डोकं त्याच्याकडे, माझं माझ्याकडे. मला अर्थ कळला तरच शब्द चिकटतो, नाहीतर चार दिवसांत साफ.

आणि अर्थ लिहायला लागल्यापासून एक गोष्ट लक्षात आली ती म्हणजे रोजच्या साध्या शब्दाच्या पोटात दुसरा शब्द बसलेला असतो, तो बरेचदा आपल्याच घरातला असतो आणि तरी आपल्याला दिसत नाही. एल-आय-टी हातात आलं की सगळे लिट लावतात, टी-आय-एल कुणी लावत नाही, तो चालतो आणि अर्थ सरळ तीळ. आर-यू-जी दिसलं की रग, सतरंजी. तीच अक्षरं फिरवा, जी-यू-आर, म्हणजे गूळ! तिळगूळ पूर्ण झाला की नाही? वर गुळाला मागून अजून एक यू जोडला की गुरू होतो, हा हुक (लागलेल्या शब्दाला एक अक्षर जोडून नवा शब्द करणं) लिहून ठेवा, यू उरले की खपवायला बरा. लॅड फिरवला की डाळ, डी-ए-एल. आपण इंग्रजी खेळायला बसलो की डोकं फक्त इंग्रजी शोधतं, मराठीचं कपाट आपणच कुलूप लावून बंद करतो, असं माझं तरी झालेलं आहे.

चार अक्षरीमधला आतापर्यंतचा माझा सगळ्यात लाडका संच ए-एल-ओ-टी. समोर दिसतो आल्टो, गाण्यातला खालचा आवाज (किंवा शेजाऱ्यांची गाडी). आता एल पुढे घ्या: एल-ओ-टी-ए, लोटा, डिक्शनरीत व्यवस्थित लिहिलंय पाण्याचं पितळी किंवा तांब्याचं भांडं. टी पुढे घ्या: टी-ओ-एल-ए, तोळा, ११.६६ ग्रॅमवाला जुना तोळा, सराफाकडचा आजचा दहा ग्रॅमचा नव्हे. तिन्हीचे पॉइंट तेवढेच, चार, पण सुरुवातीला किंवा शेवटाला कुठलं अक्षर येतं ते बदलतं आणि बोर्ड टाइट झाला, म्हणजे शब्द लावायला जागा कमी उरली, की त्यावरच सगळं असतं.

दुसरा ए-ए-एन-एन. दोन ए आणि दोन एन रॅकवर आले की माणूस टाइल बदलायचा विचार करतो. थांबा. ए-एन-एन-ए म्हणजे आणा, रुपयाचा सोळावा भाग, १९५७ मध्ये नवे पैसे आले तेव्हा गेला पण यादीत अजून आहे. एन-ए-ए-एन म्हणजे नान. एन-ए-एन-ए म्हणजे आजी. हो, नाना म्हणजे आजी.

इथून नातेवाईकांचा घोळ सुरू होतो. के-ए-के-ए हा न्यूझीलंडचा पोपट. बी-ए-बी-ए म्हणजे रममध्ये भिजवलेला केक. दादा म्हणजे कलेतली चळवळ, पहिल्या महायुद्धाच्या वेळची. टी-ए-आय म्हणजे जपानकडचा मासा, आणि ताईचीच अक्षरं फिरवून ए-आय-टी केलं की नदीतलं छोटं बेट. नुसतं ए-आय म्हणजे दक्षिण अमेरिकेतला तीन बोटांचा स्लॉथ (झाडावर राहणारा संथ प्राणी), संक्षेप स्क्रॅबलमध्ये चालत नाहीत त्यामुळे कॉम्प्युटरवाल्या एआयचा इथे संबंध नाही. आणि पी-यू-टी उलटं केलं की टी-यू-पी, चालतो, पण तूप नाही, मेंढा! नर मेंढा. तूप हवं असेल तर जी-एच-आय किंवा जी-एच-ई-ई, दोन्ही चालतात. बी-एच-ई-एल पण भेळ नाही, शंकराला वाहतो त्या बेलाचं झाड.

म्हणून सांगतो, घरचा शब्द आहे म्हणून आंधळेपणाने लावू नका. कंपनी सरकारच्या काळात साहेबाने जसं ऐकलं तसं लिहिलं आणि ते डिक्शनरीत जाऊन बसलं, त्यामुळे एका धोतराची चार-चार स्पेलिंगं चालतात (डी-एच-ओ-टी-आय, डी-एच-यू-टी-आय, आणि डबल ओ वाली दोन). ज्वारीचंही जोवार आणि जोवारी दोन्ही चालतं. जोवारचे जे आणि डब्ल्यूमुळे नुसते १५ पॉइंट होतात, डबल वर्ड (शब्दाचे पॉइंट दुप्पट करणारं घर) मिळाला तर बघायलाच नको.

कोकणवाल्यांसाठी एक: एआयआर सगळ्यांना दिसतं, आर-आय-ए बघा. रिया, म्हणजे समुद्राचं पाणी शिरून बुडालेलं नदीचं खोरं. स्पर्धा परीक्षेवाल्यांनी कोकणचा रिया किनारा पाठ केलेला असतो, तोच हा. शब्द स्पॅनिश आहे.

क्यूवाले सगळ्यांना माहीत आहेत पण नवीन लोकांसाठी: क्यू-आय, चिनी जीवनशक्ती, २००६ पासून चालतो. क्यू ट्रिपल लेटरवर (अक्षराचे पॉइंट तिप्पट करणाऱ्या घरावर) ठेवून आडवा आणि उभा दोन्हीकडे क्यू-आय झाला की ३१ आणि ३१, म्हणजे ६२. दोन टाइलमध्ये! मी रॅकवर क्यू आला की आधी बोर्डावरचे सुटे आय मोजतो, बाकी सगळं नंतर. झेड-ओ हिमालयातला, याक आणि गाय यांचा संकर, त्याचंही डी-झेड-ओ, झेड-एच-ओ, डी-एस-ओ असं सगळं चालतं. सी-डब्ल्यू-एम, उच्चार कूम, एकही ए-ई-आय-ओ-यू नाही, वेल्श शब्द, बर्फाने कोरलेली डोंगरातली वाटी. एव्हरेस्टवरच्या वेस्टर्न कूमचं नाव गिर्यारोहक जॉर्ज मॅलरीने १९२१ मध्ये ठेवलं, हे कळल्यापासून तो शब्द विसरणं शक्यच नाही.

आता अडलंय ते व्हीवर. व्हीचा दोन अक्षरी शब्दच नाही, एकही नाही, त्यामुळे शेवटी हातात राहिला की बसा. तीन अक्षरीत जी-यू-व्ही चा संच कामाचा आहे: गव्ह म्हणजे इंग्लंडमधल्या बोलीत साहेब, मालक. आणि व्ही-यू-जी, व्हग, दगडातली पोकळी जिच्यात स्फटिक वाढतात. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळात, पुणे-नाशिक-जळगावकडे विहिरी आणि खाणी खोदताना असल्या पोकळ्यांत झिओलाइट या खनिजांचे पांढरे-गुलाबी-हिरवे स्फटिक निघतात, जगभरातले लोक विकत घेतात. बघितले नसतील तर एकदा बघाच. व्ही-ओ-ई पण आहे, शेटलंडकडची छोटी खाडी, पण तो मला काही केल्या वेळेवर आठवत नाही.

पुढच्या हप्त्यात एक्स आणि झेडचे चार अक्षरी. लोटा-तोळ्यासारखा संच कुणाला सापडला असेल तर पाठवा, फक्त कॉलिन्समध्ये बघून पाठवा, कारण जे-आय, आपलं आदराचं जी, ते अजून लागत नाही. जेचे दोनच आहेत, जे-ए आणि जे-ओ.