आपोआप

१८ मे, रात्री

चिन्मयचे एक वाक्य दुपारपासून मनातून जात नाही. नव्या संगणकाच्या सुट्या भागांची यादी त्याला वाचून दाखवताना मी सहज म्हणालो, की प्रोसेसर बसवल्यावर पहिला आठवडा ओव्हरक्लॉकिंगलाच, म्हणजे त्याला ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवायलाच, लागेल, त्यावर मोबाइलवरची नजर न हलवता तो म्हणाला, "काका, ते आता आपोआप होतं." त्याच्या बोलण्यात टोमणा असता तर मी विसरलो असतो. तो नव्हता, आणि म्हणूनच ते लागले.

माझा सध्याचा प्रोसेसर, इंटेलचा कोअर आय५-२५००के, हा २०११ चा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घेतला आणि मदरबोर्डचे खोके मांडीवर धरून विदर्भ एक्स्प्रेसने नागपूरला आणला. अण्णांनी तेव्हा काढून दिलेल्या पैशांविषयी आज लिहीत नाही. त्याचा मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ होता, मी तो ४.५ वर नेला. बेस क्लॉक म्हणजे पायाचा वेग १०० मेगाहर्ट्झ आणि त्याला गुणणारा आकडा, म्हणजे गुणक, ४५, हिशेब एवढाच. परंतु तिथवर पोहोचायला मला साडेतीन आठवडे लागले. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, गुणक एकाने वाढवायचा, व्होल्टेज थोडे द्यायचे, प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारे प्राइम ९५ रात्रभर चालू ठेवायचे आणि पहाटे उठून पडदा निळा झाला आहे का, म्हणजे संगणक कोसळला आहे का, ते पाहायचे. व्होल्टेज दुप्पट केले तर उष्णता जवळजवळ चौपट होते, आणि नागपूरच्या मे महिन्यात खोलीचीच हवा चाळिशीला टेकलेली असते, त्यामुळे एकेक शतांश व्होल्ट मी जपून खर्च केला. ती हिरव्या पुठ्ठ्याची वही आज काढली. एका पानावर गुणक, व्होल्टेज आणि वेळ असे लिहिले आहे, '४४, १.३१०, पहाटे ३.४० ला बंद पडला', आणि आकड्यांवर थर्मल पेस्टचा, म्हणजे चिपची उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या लेपाचा, करडा अंगठा उमटलेला आहे.

हे सारे आता कोणालाच नको आहे, हा विचार संध्याकाळभर पुन्हा पुन्हा येत राहिला. नवे प्रोसेसर तापमान, विद्युतप्रवाह आणि भार यांचा अंदाज घेऊन क्षणाक्षणाला आपला वेग स्वतःच ठरवतात; माणसाने हाताने मिळवावे असे कारखान्यातून निघताना फारसे शिल्लकच ठेवलेले नसते. मी जे शिकलो, ते त्या चिपच्या आतच जाऊन बसले आहे. जुनाच चालवावा, असेही मनात आले. पण अलीकडचे काही गेम एव्हीएक्स२ हा प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांचा संच मागतात आणि त्या सूचना इंटेलने २०१३ साली हॅसवेल या प्रोसेसरच्या पिढीत आणल्या. माझ्या चिपला त्या कळतच नाहीत, मग ती ४.५ वर पळो की ५ वर.

खरा पेच एएमडी कंपनीच्या रायझेन ७ या प्रोसेसरच्या दोन चिपांमध्ये आहे. ७८००एक्स३डीमध्ये जास्तीची कॅशे (चिपमधली जलद स्मृती) गाभ्यांच्या, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या कोअरांच्या, वर रचलेली असल्यामुळे उष्णता बाहेर पडायला अडते, म्हणून तिचा गुणक बंद ठेवला आहे आणि तापमानाची मर्यादाही ८९ अंशांची आहे. ९८००एक्स३डीमध्ये तीच कॅशे गाभ्यांच्या खाली नेली आणि गुणक खुला केला. ती वेगवान आहे हे मान्य. परंतु माझ्या ग्राफिक कार्डाला तो फरक क्वचितच जाणवेल. मग जास्तीचे पैसे मी केवळ आकडा फिरवता यावा म्हणून मोजणार होतो का? यादीत तिचे नाव मी तीन वेळा लिहिले आणि तीन वेळा खोडले, यावरून उत्तर मला माहीत होते.

अखेर ७८००एक्स३डीच ठेवली. वाचलेल्या पैशांतून चिप थंड ठेवणारा मोठा हीटसिंक आणि वीज पुरवणारा चांगला एसएमपीएस येईल, कारण या गावात ज्याला त्याला आधी उन्हाशीच झगडावे लागते. रॅम डीडीआर५ प्रकारची, ६००० वेगाची, दोन पट्ट्या. चार लावल्या की हा वेग टिकवणे अवघड जाते. कॅबिनेट जुनेच.

जेवणानंतर कर्व्ह ऑप्टिमायझर या व्होल्टेज पायरीपायरीने कमी करण्याच्या सोयीविषयी वाचत बसलो, तेव्हा मन बरेच निवळले. या चिपला व्होल्टेज वाढवून देता येत नाही, पण कमी करून पाहता येते. कमी केले की ती थंड राहते आणि वरचा वेग अधिक काळ टिकवते. आठ गाभ्यांपैकी प्रत्येकाला किती कमी सोसेल हे मात्र कारखाना सांगत नाही. ते एकेक पायरी उतरून, रात्रभर चालवून, पहाटे उठूनच पाहावे लागते.

हिरव्या वहीत शेवटची चार पाने कोरी आहेत. पहिल्या पानावर आठ रकाने आखले आणि प्रत्येकात 'उणे ५' लिहून ठेवले. चिन्मयला सुट्टी आहे, भाग आले की हीटसिंक बसवायला त्याला बोलावीन; पेस्ट तुरीच्या दाण्याएवढीच घ्यायची असते, ते त्याला अजून माहीत नाही.